फ्रीडम हाउस : हिल डिस्ट्रिक्टची रुग्णवाहिका

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात १९६७ साली उभी राहिलेली ‘फ्रीडम हाउस’ ही त्या देशातील प्रशिक्षित पॅरामेडिक्सच्या अगदी सुरुवातीच्या सेवांपैकी एक. तोवर शहरात आजाऱ्याला इस्पितळात पोहोचवण्याचे काम पोलिसांकडे होते. रुग्णाला गाडीत मागे टाकायचे आणि गाडी पळवायची. वाटेत उपचार जवळजवळ नसतच. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर ती गाडीही वेळेवर येईल याचा भरवसा नसे. १९६६ मध्ये माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स भर सभेत कोसळले, तेव्हा त्यांच्याही वाट्याला पोलिसांचीच गाडी आली. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत.

कृत्रिम श्वसनावरील संशोधनासाठी नावाजलेले भूलतज्ज्ञ डॉ. पीटर सफार याच शहरात काम करत. रुग्णवाहिका म्हणजे चालते इस्पितळ असावे, हा त्यांचा आग्रह. तो फ्रीडम हाउसमध्ये प्रत्यक्षात आला. त्यासाठी माणसे मिळाली ती हिल डिस्ट्रिक्टमधूनच: बेकार तरुण, काही व्हिएतनामहून परतलेले, काहींचे शालेय शिक्षणही अर्धवट राहिलेले. त्यांना शरीरशास्त्रापासून थांबलेले हृदय चालू करण्यापर्यंत सगळे शिकवले गेले, तेही इस्पितळात प्रत्यक्ष काम करत. गाडीची आखणीही बदलली. रुग्णाच्या डोक्यामागे एका माणसाला बसायला जागा ठेवली, म्हणजे धावत्या गाडीतही श्वासमार्ग मोकळा ठेवता येई. १९७४ मध्ये वैद्यकीय संचालक झालेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन स्वतः या पथकांबरोबर फिरत. त्यांनी तयार केलेला अभ्यासक्रम पुढे देशभरासाठी आदर्श ठरला.

कामात कुठेच कसर नव्हती. दुखणे पैशाचे होते. सुरुवातीला भार उचलला तो खासगी धर्मादाय निधी आणि केंद्राच्या दारिद्र्यनिर्मूलन योजनांनी. शहराने करार केला, पण शहराच्या एका भागापुरताच. बाकीकडे पोलिसांची गाडी चालूच राहिली. परिणामी गरीब वस्तीला मिळणारी सेवा श्रीमंत वस्त्यांपेक्षा सरस झाली. महापौर पीट फ्लॅहर्टी यांच्या कारकिर्दीत सेवेचा विस्तार तर झाला नाहीच, उलट १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद पडले.

जुन्या माणसांना सामावून घ्यावे, असा आग्रह कॅरोलाइन यांनी धरला. त्यांना घेतलेही, पण पथके फोडली, नव्या परीक्षा लादल्या आणि वर्षानुवर्षे जीव वाचवणाऱ्यांना हलकी कामे दिली. हा उघड अन्याय होता. बहुतेक जण बाहेर पडले. टिकून राहिलेल्या मोजक्यांपैकी जॉन मून पुढे त्याच शहर सेवेचे सहायक प्रमुख झाले.