नदी एकीकडे, बाजार दुसरीकडे

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या पूर्वेला वैनगंगा आहे. सिवनीकडून निघून भंडाऱ्यावरून खाली आलेली ही नदी पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते. नकाशा पाहिला की वाटतं, या मुलखातलं धान नदीनेच बाहेर गेलं असणार. घडलं उलटं. १७५१ मध्ये चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे आलं. तेव्हापासून धानाचं मोठं गिऱ्हाईक वायव्येला, नागपुरात होतं. नदी मात्र दक्षिणेच्या घनदाट जंगलात जाते. पावसाळ्यात तिला पूर, उन्हाळ्यात पात्रात वाळू आणि खडक.

म्हणून इथल्या धान्यबाजाराचा कणा होता बंजाऱ्यांचा तांडा. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी आणि पुढे नायक. गाडीला वाट लागते, उतार लागतो. पाठीवर ओझं घेतलेला बैल पायवाटेनेही जातो आणि वाटेतल्या कुरणावर फुकट चरतो. वाहतूक स्वस्त पडायची ती या चाऱ्यामुळे. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर हिंदुस्थानात धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. तो दिवसाला जेमतेम सहा-सात मैल चालायचा. या चालीने ब्रह्मपुरीहून नागपूरचं सुमारे १२० किलोमीटरचं अंतर कापायला अकरा-बारा दिवस लागतात. परतीच्या गोण्यांत असायचं मीठ. पूर्व किनाऱ्यावरचं मीठ छत्तीसगड आणि नागपूरपर्यंत बैलांच्या पाठीवरून यायचं.

पावसाळ्यात चिखलाने वाटा बंद झाल्या की तांडा थांबायचा. मग तलावाकाठच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कितीही पिको, धान कोठीतच राहायचं आणि भाव गावापुरता ठरायचा. सुकाळात शेतकऱ्याला दाम नाही. दुष्काळात शेजारच्या मुलखात धान असून पोहोचत नाही.

नदीला कामाला लावायचा मोठा प्रयत्न इंग्रजांनी केला. सर आर्थर कॉटन यांच्या आग्रहातून गोदावरी नौकानयनाची योजना आली. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचं देवलमरी इथल्या खडकाळ अडथळ्यांना बगल देण्यासाठी बंधारे आणि कालवे बांधायचे होते. खर्च वाढत गेला आणि १८७१ मध्ये काम थांबलं. मुंबईहून रेल्वे त्याआधीच, १८६७ मध्ये, नागपूरला पोहोचली होती.

पुढे छत्तीसगडकडे रूळ गेले आणि तिथलं स्वस्त धान दूरच्या बाजारांच्या भावाला बांधलं गेलं. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी रेल्वेची दुसरी बाजू दाखवली: रेल्वे धान्य आणू शकते, पण हातात पैसा नसलेल्या मजुराच्या ताटात ते वाढू शकत नाही. ब्रह्मपुरीला गाडी आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गोंदिया–चांदा या छोट्या रुळांच्या मार्गाने. मग वैनगंगेपलीकडचं वडसा हे जंगलातल्या धानाचं दार झालं.

या भागाला मागास म्हणताना पिकाकडे बोट दाखवलं जातं. तो अन्याय आहे. तलाव, बोड्या (लहान तळी) आणि बांध्या बांधून इथल्या माणसांनी आपला वाटा कधीच उचलला होता. कमी पडली ती वाट. आजही हमीभावाचा खरा अर्थ खरेदी केंद्र किती कोसांवर आहे, यावर ठरतो. भाव जाहीर करणाऱ्यांनी ते अंतरही मोजलं पाहिजे.