नाक्सोसच्या वळणांवर

बोटीचा मागचा दरवाजा खाली येतो आणि ऑगस्टचं ऊन अंगावर आदळतं. पिरेयस बंदर सोडून पाचेक तास झालेत, हे ग्रीसचं नाक्सोस बेट. ट्रक, स्कूटर, चाकांच्या बॅगा, सगळं एकदमच धक्क्यावर उतरतं. पलीकडच्या टेकाडावर अपोलोच्या देवळाची संगमरवरी चौकट उभी आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सुरू झालेलं देऊळ, पुरं झालंच नाही. आत्ता तिकडे बघायला कोणाला सवड नाही. गाडीसाठी रांग धरायची आहे.

भाड्याच्या गाड्यांचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर लटकलेल्या किल्ल्या. पुढच्या कुटुंबातलं पोर भुकेने रडतंय. टेबलामागची बाई आपलं लायसन्स उलटसुलट करून बघते, मग आंतरराष्ट्रीय परवाना मागते. विमा आहे, पण टायर आणि गाडीचं पोट त्यात धरलेलं नाही. "दार उघडताना घट्ट धरा," ती बजावते. उन्हाळ्यात इथे उत्तरेकडून मेल्तेमी वारा वाहतो. बेसावध दार तो पार मागे वाकवतो, आणि तो खर्च आपल्या माथी.

गाडी छोटी, पांढरी, हाताच्या गिअरची. ताम्हिणीत गाडी हाकलेल्याला हे घाट जड नाहीत. जड जातं ते उजवी बाजू न सोडणं. डावा हात सवयीने गिअर शोधत दाराला लागतो. शेजारून बायकोचा अखंड जप: "उजवीकडे, अहो, उजवीकडे घ्या!"

वळणावळणावर खांबावरची चिमुकली देवळं दिसतात. आत तेलाचा दिवा, संताची तसबीर. काही अपघातात गेलेल्यांच्या आठवणीसाठी, काही वाचलेल्यांनी नवस फेडावा तशी.

खाल्की गावात किट्रोन मिळतं, महाळुंगाच्या पानांपासून काढलेलं मद्य. इथली भट्टी १८९६ पासूनची. गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घ्यायचा.

फिलोतीच्या वर झास पर्वत, हजार मीटरहून थोडा उंच. झाडी विरळ होते, दगडी बांधांच्या पायऱ्या उरतात. शेळ्या रस्त्यात बसलेल्या. हॉर्नला त्या दाद देत नाहीत. आपिरान्थोसला गाडी गावाबाहेरच लावायची, कारण आतल्या गल्ल्यांतून दोन माणसं जेमतेम जातात. पायाखाली संगमरवर, शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत. चप्पल सटकते. या बाजूच्या डोंगरांतून कुरुंदाचा दगड निघायचा आणि रज्जुमार्गाने मुत्सूनाच्या बंदराला उतरायचा. गंजलेले खांब अजून उतारावर उभे आहेत.

अपोलोनासच्या वर, रस्त्यालगतच्या खाणीत, दाढीवाला एक पुरुष उताणा पडलाय. लांबी साडेदहा मीटरच्या वर. अडीच हजार वर्षांपूर्वी कोरायला घेतला, अर्धवट सोडला. तिकीट नाही, पहारेकरी नाही. एक मुलगी त्याच्या पावलांशी बसून सँडलमधली वाळू झटकतेय.

खाली समुद्राकाठी तळलेले मासे आणि नाक्सोसचे बटाटे. कागदी टेबलक्लॉथ चिमट्यांनी अडकवलेले, तरी फडफडतायत. चार वाजत आलेत. इथे ही जेवणाचीच वेळ, आणि एकही टेबल रिकामं नाही.