सोडचिठ्ठीचा कागद

नवराबायकोचे पटेनासे झाले, की चार वडीलधारी माणसे बसवून स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहिण्याचा परिपाठ आपल्याकडे अजूनही आहे. दोघांच्या सह्या, पंचांचे अंगठे, नोटरीचा शिक्का. लग्न मोडले असे सारे धरून चालतात. या कागदाची किंमत आपणां विद्यार्थ्यांना, विशेषतः विद्यार्थिनींना, ठाऊक असावी म्हणून हा लेखनप्रपंच. येथे मी हिंदू विवाहांपुरतेच लिहीत आहे. इतर धर्मीयांचे व नोंदणी विवाहाचे कायदे निराळे आहेत.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्याने होतो. अपवाद कलम २९ चा : जातीत काडीमोडीची रूढी पूर्वापार असेल तर ती मान्य आहे. मात्र ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. नोटरीचा शिक्का म्हणजे रूढी नव्हे. ती सिद्ध न झाल्यास पहिले लग्न कायम राहते आणि कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न अवैध ठरते. मग वारसा, निवृत्तिवेतन यांवरचा त्या स्त्रीचा हक्कही डळमळीत होतो.

कायद्याच्या वाटा ढोबळमानाने चार आहेत. फसवणुकीने वा जबरदस्तीने झालेला विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो. पण त्यासाठी मुदत आहे. न्यायिक विभक्ततेत लग्न राहते, एकत्र राहण्याचे बंधन सुटते. पुनर्विवाह मात्र करता येत नाही. क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षांचा परित्याग अशा कारणांवरून एकालाही घटस्फोट मागता येतो. चौथी वाट परस्परसंमतीची. ती १९७६ च्या दुरुस्तीने आली. वर्षभर वेगळे राहिलेल्या जोडप्याने एकत्रित अर्ज करावा, सहा महिन्यांनी पुन्हा संमती सांगावी. हा सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणी माफ करता येतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला.

कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मला वाटते, येथे ही म्हण बाजूला ठेवावी. २००३ पासून पत्नीला आपण राहतो तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे तसा अर्ज करावा. सोडचिठ्ठीवर सही करण्याआधी एवढी चौकशी केली, तरी पुढचा अनर्थ टळेल.