आंबवलेला चहा

पालघर सोडून गाडी बोईसरकडे निघाली, की वाटेत उमरोळीचे लहानसे स्थानक लागते. या किनारपट्टीत ताडाच्या झाडाची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. उन्हाळ्यात ताडगोळ्यांच्या पाट्या बाजारात येतात, आणि ताडाच्या रसाचे दोन स्वभावही येथे सर्वांना ठाऊक असतात. भल्या पहाटे उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा. गोड, आणि लहान मुलाच्या हाती द्यावी अशी. तोच रस उघडा राहिला आणि ऊन वर आले, की त्याची ताडी होते. झाड तेच, रस तोच. बदलली ती केवळ वेळ. आज ज्या पेयाविषयी सांगायचे आहे ते दूरदेशीचे आहे. परंतु त्याचे मर्म आम्हांला या रसातच सापडते, म्हणून आरंभ येथून केला.

त्या पेयाचे नाव कोंबुचा. साखर घातलेला कोरा चहा आंबवून ते करतात. चीन व रशिया या देशांत ते जुने आहे. नाव जपानी वाटते खरे. परंतु जपानात ‘कोंबुचा’ म्हणजे समुद्रशेवाळाचा चहा, आणि या पेयाला तेथे निराळेच नाव आहे. आता मुंबईच्या दुकानांत त्याच्या बाटल्या मिळतात, आणि जसे आपण शेजारी विरजण मागावयास जातो, तशी त्याची चकती एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ लागली आहे. चकतीबरोबर तिची कीर्तीही जाते. मधुमेहाने त्रस्त असलेल्या एका गृहस्थांनी आम्हांला सरळच विचारले, “हा चहा रोज घेतला तर गोळ्या बंद करता येतील ना?” या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर आधी बरणीत काय घडते ते पाहिले पाहिजे.

चहावर तरंगणारी ती जाडसर, बुळबुळीत साय पाहून लोक तिला ‘चहाची बुरशी’ म्हणतात. वस्तुतः ती बुरशी नव्हे. यीस्ट आणि जीवाणू यांचे ते एकत्र कुटुंब आहे. यीस्ट साखर फोडते. त्यातून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतात. जीवाणू हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने त्या मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिर्क्यातले आम्ल, बनवतात, आणि राहण्यासाठी तंतूंची ती साय विणतात. एक मद्यार्क करतो, दुसरा तो खातो. दोघांचा मेळ बसला तर चहा आंबटगोड व किंचित फसफसणारा होतो. हवा कोंडली, तर मद्यार्क खाणारा मागे पडतो आणि मद्यार्क साचत जातो. ताडाच्या रसातही यीस्ट हेच काम करते; फरक इतकाच, की तेथे वेग फार असतो आणि मद्यार्क दिवसभरात चार-पाच टक्क्यांपर्यंत पोहोचतो.

करण्याची रीत अवघड नाही. एक लिटर पाण्यात दोन चमचे चहाची पूड व सत्तर-ऐंशी ग्रॅम साखर घालून उकळावे. दूध नको, मसालाही नको. चहा गाळून पूर्ण थंड होऊ द्यावा. गरम चहात जीवाणू मरतात. मग त्यात आधीच्या खेपेचा आंबट चहा सुमारे शंभर मिलिलिटर आणि ती चकती घालावी. हा जुना चहा विसरता कामा नये. त्याच्या आंबटपणामुळेच पहिल्या दिवसांत नको त्या जंतूंना शिरकाव मिळत नाही. बरणी काचेची व उकळत्या पाण्याने धुतलेली असावी, आणि तोंडावर दाट विणीचे स्वच्छ कापड बांधावे. थंड देशांत यास सात ते चौदा दिवस लागतात. आपल्या वैशाखात पाच-सहा दिवसांतच तो तयार होतो. सायीवर हिरवा, काळा किंवा लवदार थर दिसला, तर वरचा भाग काढून उरलेले वाचवू नये, सारेच फेकावे. तयार चहा बाटलीत भरून शीतपेटीत ठेवावा. थंडीने आंबण्याचा वेग मंदावतो, पण ते थांबत नाही. घट्ट बुचाची बाटली उष्ण जागी विसरली तर वायूच्या दाबाने फुटते.

भांड्याची गोष्ट आपल्या आजीबाईंना कोणी शिकवावी लागत नसे. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकते, हे त्या जाणत. आंबवलेला चहा ताकाहूनही आंबट असतो. ऑस्ट्रेलियात एका दांपत्याने सहा महिने तो झिलईच्या मातीच्या भांड्यात केला. झिलईतील शिसे चहात उतरले आणि दोघांनाही शिशाची विषबाधा झाली. हे वृत्त १९९८ साली वैद्यकीय नियतकालिकात आले.

आता गुणांविषयी. पचन सुधारते, रक्त शुद्ध होते, सांधे मोकळे होतात, कर्करोगही हटतो, असे दावे केले जातात. इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठाचे एडझार्ड एर्न्स्ट यांनी २००३ साली उपलब्ध पुरावा तपासला, तेव्हा माणसांवरील विश्वासार्ह चाचणी त्यांना एकही आढळली नाही. पुढे २०२३ साली अमेरिकेत मधुमेहाच्या बारा रुग्णांवर चार आठवड्यांची एक चाचणी प्रसिद्ध झाली; तीत उपाशीपोटी घेतलेल्या रक्तशर्करेची सरासरी १६४ वरून ११६ वर आली. ही गोष्ट उत्साह देणारी खरी; परंतु बारा माणसे आणि चार आठवडे यांवरून संशोधकाने पुढची मोठी चाचणी आखावी, रुग्णाने गोळ्या टाकू नयेत. शिवाय बरणीतील सारी साखर काही संपत नाही. घरच्या चहात ती किती उरली, हे मोजल्यावाचून कळत नाही.

धोक्यांचा विचारही तितक्याच समतोलाने करावा. १९९५ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यात हा चहा रोज घेणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तातील आम्लता भयंकर वाढली व त्यांपैकी एक दगावली. चहाच दोषी होता असे सिद्ध झाले नाही. तेथील आरोग्य खात्याने सांगितले ते इतकेच, की निरोगी माणसाला रोज सुमारे १२० मिलिलिटर बहुधा अपाय करणार नाही. पण आधीच आजारी असलेल्यांविषयी आणि अति सेवनाविषयी खात्री देता येत नाही. म्हणून गरोदर स्त्रिया, लहान मुले, यकृत-मूत्रपिंडाचे रोगी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, त्यांनी घरी केलेल्या या चहापासून दूर राहावे. दारू सोडलेल्या माणसाला तर तो सहज म्हणूनही देऊ नये.

कारण मद्यार्काची मर्यादा पुसट असते. अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेल्या पेयाला भारताच्या अन्न सुरक्षा नियमांत मद्य गणतात, आणि घरच्या बरणीत ही मर्यादा ओलांडली जाणे मुळीच अशक्य नाही. २०१० साली अमेरिकेत याच कारणासाठी दुकानांतल्या बाटल्या मागे घ्याव्या लागल्या होत्या. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नीरा आणि ताडी यांत भेद केला तो यावरच: रस आंबू नये अशी तजवीज केलेल्या भांड्यात उतरवलेला, न आंबलेला रस तो नीरा. मडक्याला आतून चुना लावण्याची रीत याचसाठी आहे.

ताडीला उंबरठ्याच्या आत न येऊ देणारे घर ‘चहा’ हे नाव ऐकून बरणी मुलापुढे ठेवते, याचे आम्हांला नवल वाटते. नैसर्गिक आहे, जुने आहे, म्हणून हितकारक आहे, असे म्हणावे तर ताडीही नैसर्गिक आहे आणि जुनीही आहे. ज्याला आवडेल त्याने हा चहा स्वच्छ भांड्यात करावा, दिवस मोजून उतरवावा, लहान पेल्यात घ्यावा आणि चवीसाठी घ्यावा. त्या गृहस्थांना आम्ही हेच सांगितले: चहा घ्यायचा तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि गोळी चालू ठेवा. आंबवण्याच्या विद्येत पहिला धडा घड्याळाचा आहे. आमच्या भागातला ताडावर चढणारा माणूस तो रोज पहाटे गिरवीत आला आहे.