चरबीचा निरोप आणि मेंदूचा विसर

पन्नाशीच्या गृहस्थाची ढेरी हा आपल्याकडे थट्टेचा विषय. ‘खात्यापित्या घरचे दिसता!’ असे म्हणताना त्यात थोडे कौतुकही असते. पुढे पंचाहत्तरीला तेच गृहस्थ सुनेला ‘आपण कोण?’ असे विचारू लागले, म्हणजे घरातले हसू मावळते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे मात्र कुणाच्या मनात येत नाही.

याचे कारण चरबीविषयीची आपली जुनी समजूत. अडीअडचणीसाठी कोठारात भरून ठेवलेले धान्य जसे मुकाट पडून असते, तशी चरबी, असे शास्त्रज्ञही बरीच वर्षे मानीत. ही समजूत मोडली एका उंदराने. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली एक अगडबंब उंदीर आढळला. त्याची भूक काही केल्या शमेना! त्याच प्रयोगशाळेतील डग्लस कोलमन यांनी पुढे अशा उंदराचे रक्ताभिसरण साध्या उंदराशी जोडून पाहिले, तो काय, लठ्ठोबाचे खाणे कमी झाले. साध्या उंदराच्या रक्तात ‘आता पुरे’ असा निरोप होता. लठ्ठोबापाशी तोच नव्हता.

तो निरोप सापडायला १९९४ साल उजाडले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांना त्याचे जनुक मिळाले. या संप्रेरकाचे नाव लेप्टिन. ग्रीक ‘लेप्टॉस’ म्हणजे सडपातळ. आणि हे द्रव्य तयार होते कुठे? चरबीच्याच पेशींत!

मग ज्याच्या अंगी चरबी फार, त्याला भूक कमी लागायला हवी. तसे होत नाही. घरात कुणी एकच गोष्ट दिवसभर बजावू लागले, की आपण ऐकेनासे होतो, मेंदूचेही तसेच. रक्तात लेप्टिन उदंड, पण मेंदूत पोचते थोडे, आणि पोचलेल्याचेही तो फारसे ऐकत नाही.

प्रश्न भुकेपुरताच असता, तर एक वेळ चालले असते. पण आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातही लेप्टिनचा निरोप घेणाऱ्या पेशी आहेत, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत तेथील पेशींचे दुवे लेप्टिनमुळे बळकट होताना दिसले आहेत. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावातल्या वृद्धांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तात लेप्टिन सर्वांत कमी, त्यांच्यात १२ वर्षांत अल्झायमरचा धोका शेकडा २५. सर्वांत जास्त असलेल्यांत अवघा ६.

मग लठ्ठ माणसाची चैनच म्हणायची! पण थांबा. कॅलिफोर्नियातील १०,२७६ लोकांची तपासणी ते चाळिशी-पंचेचाळिशीत असताना, १९६४ ते १९७३ या काळात झाली होती. पुढे पाहिले, तो त्या वयात स्थूल असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका शेकडा ७४ नी अधिक. निरोप उदंड असून ऐकणारा मेंदू बहिरा, असा याचा एक अर्थ लावतात. पोटातली चरबी दाह वाढवणारी द्रव्ये सोडते आणि ॲडिपोनेक्टिन हे तिचे दुसरे, हितकर संप्रेरक घटते, तेही कारणांत असावे. अर्थात अनुमान म्हणजे सिद्धांत नव्हे. आणि म्हातारपणी आपोआप वजन घटू लागले तर त्याचा आनंद मानू नये, कारण ती स्मृतिभ्रंशाची चाहूलही असू शकते.

‘आम्ही कुठे लठ्ठ?’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याची एक हकीकत. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ने छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगी शेकडा ९.१ आणि आपल्या पुणेकरांच्या अंगी २१.२! वजनाचा काटा आपल्या लोकांना असा चकवतो. म्हणून शिंप्याची फीत बरी. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे डॉक्टर सांगतात. मोजताना पोट आत ओढून धरायचे नाही, एवढीच अट.