वाघिणींचा माग

बल्लारशाहच्या स्थानकात उतरलं की भिंतीभर वाघ दिसतात. रेल्वेच्या सुशोभन स्पर्धेत २०१८ साली चंद्रपूर आणि बल्लारशाह या जोडस्थानकांना पहिला क्रमांक मिळाला, तो या जंगलाच्या चित्रांमुळेच. प्रवासी तिथे थांबून फोटो काढतात. मी फलाटाच्या पार टोकाला जाऊन उभा राहतो. मला बघायच्या असलेल्या वाघिणी समोरच्या यार्डात, कोळशाच्या धुळीत उभ्या असतात.

मराठीने इंग्रजी ‘वॅगन’ची ‘वाघीण’ केली. हे मालधक्क्यावरच्या माणसांचंच काम असणार. परका शब्द जिभेला ओळखीचा होईपर्यंत त्यांनी वळवला. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, मुलखात तो ऐकताना अंगावर काटा येतो, कारण इथे दोन्ही वाघिणी खऱ्या आहेत आणि दोघींचा माग काढावा लागतो. जंगलातली पावलांचे ठसे ठेवते. रुळावरची अंगावर नंबर, तारखा, कारखान्यांची अक्षरं घेऊन फिरते.

गेली बरीच वर्षं मी या दुसऱ्या वाघिणींच्या लहान प्रतिकृती करतो आहे. इंजिनांच्या प्रतिकृती करणारे पुष्कळ आहेत. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेल्या आणि बनवलेल्या छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथल्या चालत्या गाड्यांपुढे मुलं तासन्‌तास उभी राहतात. इंग्लंडमध्ये १९५० पासून एक संस्था केवळ ऐतिहासिक रेल्वे प्रतिकृतींसाठी अभ्यास करते. आपल्याकडे मालडब्यांच्या वाट्याला हे प्रेम आलेलं नाही. जुनं इंजिन चौथऱ्यावर चढवतात, रंगवतात, त्याला हारही घालतात. वाघीण मात्र निकामी झाली की भंगारात जाते, नाहीतर चाकं काढून यार्डात सामानाची खोली म्हणून जमिनीवर टेकवली जाते. मला याची खंत वाटते, कारण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतून दीडशे वर्षांत काय काय बाहेर गेलं, ते इंजिन सांगू शकत नाही. इंजिन सगळं सारखंच ओढतं. सांगते ती वाघीण. तिच्या भिंतीची उंची, तिचं दार, छप्पर असणं किंवा नसणं, हे सगळं मालाने ठरवलेलं असतं.

सुरुवात वरोऱ्यापासून करावी लागते. जी.आय.पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि इंजिनांसाठी कोळशाचा प्रश्न उभा राहिला. तोवर कोळसा इंग्लंडहून जहाजाने मुंबईत येई. तो आत नागपूरपर्यंत आणणं फार महाग पडे. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा आहे हे कळल्यावर सरकारने वरोऱ्याला स्वतःची खाण काढली आणि वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे तिथवर रूळ टाकले. या फाट्याचं नाव होतं ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. रेल्वेला नाव सहसा गावाचं किंवा प्रांताचं असतं. इथे ते मालाचं आहे. १८७७ पासून वरोऱ्याचा कोळसा या रुळांवरून जाऊ लागला.

प्रतिकृती करणाऱ्याला हा फाटा विलक्षण आवडावा असा आहे. एकाच रुळावर दोन अगदी उलट स्वभावाचे माल होते. हिंगणघाटचा कापूस हलका आणि जागाखाऊ. डबा भरतो, पण वजन होत नाही. शिवाय इंजिनाची एक ठिणगी पडली की सगळं संपलं, म्हणून तो झाकलेला हवा. कोळसा जड, अर्ध्या उंचीतच डब्याची ताकद संपते, आणि फावड्याने काढायचा तर वरून उघडा हवा. म्हणजे त्या काळची वरोऱ्याची मालगाडी टेबलावर उभी करायची, तर नुसते एकसारखे डबे ओळीने लावून भागत नाही. बंद आणि उघडे, दोन्ही लागतात, आणि त्यांचं प्रमाण हंगामाप्रमाणे बदलतं. दिवाळीनंतर कापूस फुटतो, तेव्हा बंद डबे वाढणार. गाडी कोणत्या महिन्यातली, हेही आधी ठरवायला लागतं.

वर्धा खोऱ्याच्या कोळशाची खोड अशी की तो हवेत नुसता पडून राहिला तरी आतून तापतो आणि कधी पेटतो. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली. त्याच सुमारास बल्लारपूरला नवी खाण निघाली आणि रूळही पुढे चांद्यावरून बल्लारपूरकडे सरकले. पुढे वीसएक वर्षं तिथेच लोहमार्गाचं शेवटचं टोक होतं. १९२९ मध्ये काझीपेठकडून येणारा निजामाचा मार्ग बल्लारशाहला, म्हणजे बल्लारपूरच्याच स्थानकाला, जोडला गेला, दिल्ली–मद्रास असा सरळ रस्ता झाला, आणि चांद्याची वाघीण थेट दक्षिणेत जाऊ लागली.

माझा जीव मात्र दुसऱ्या रुळांत अडकलेला आहे, छोट्या रुळांत.

बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल असा अडीच फुटी मार्ग चांदा फोर्टपर्यंत आणला. नागपूरहून उमरेडमार्गे आलेला दुसरा फाटा त्याला नागभीडला मिळाला. १९०८ ते १९१३ या काळातलं हे काम. रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंना धान, तळी, जंगल. चांद्यात त्यामुळे दोन स्थानकं झाली. एक मोठ्या रुळाचं, दुसरं किल्ल्याच्या नावाचं, छोट्या रुळाचं. छोट्या डब्यातला माल मोठ्या डब्यात जायचा तर तो माणसाच्या खांद्यावरूनच. गोंदियालाही तेच. तांदूळ, सागाचे ओंडके, बांबू, हिरडा, तेंदूपाने, सगळं दोनदा उचललं जायचं. हा दुसऱ्या उचलणीचा खर्च लहान रुळांच्या मुळावर आला. गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग १९९० च्या दशकात मोठा झाला, आणि नागपूर–नागभीडची शेवटची छोटी गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात थांबली.

आजच्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्थानक एकच, वडसा. जिल्हा १९८२ मध्ये चांद्यातून वेगळा झाला तेव्हाही तेच होतं. वडसा ते गडचिरोली या सुमारे पन्नास किलोमीटरच्या नव्या रुळांचं काम चालू आहे. आलापल्ली, अहेरी, भामरागडच्या जंगलातला माल रुळापर्यंत येईतो बैलगाडी, नदी आणि पुढे ट्रक यांच्याच भरवशावर असे. तरी रेल्वे या जंगलात आधीच शिरलेली होती. एका मैल रुळाखाली १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत. १८६४ मध्ये सरकारी जंगल खातं उभं राहिलं, त्यामागे या स्लीपरांची भूक मोठी होती. आणि डबे बांधायला देशभर सागवानच पसंत केलं जाई. जुनी लाकडी वाघीण पाहताना मला हे विसरता येत नाही. रूळ, डबा आणि माल, तिन्ही ठिकाणी लाकूडच.

आता टेबलावर येऊ. प्रतिकृतीचं जगभर चाललेलं एक माप आहे, मूळ वस्तूचा ८७ वा भाग. त्यासाठी बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात. १६.५ ला ८७ ने गुणा. येतात १,४३५, म्हणजे युरोप–अमेरिकेचा रूळ. आपला मोठा रूळ १,६७६ मिलिमीटरचा. त्याचा ८७ वा भाग १९.२६ होतो. तयार रुळांवर भारतीय वाघीण ठेवली की ती अरुंद पायांवर उभ्या असलेल्या म्हशीसारखी दिसते. पहिली पाच वर्षं मी तसेच डबे केले. काहीतरी चुकतंय हे डोळ्याला कळायचं, हाताला कळत नव्हतं. उपाय दोन. रूळ स्वतः हाताने घालायचे, नाहीतर माप बदलून १०० वा भाग धरायचा. मग १,६७६ चे १६.७६ होतात आणि तयार रूळ जवळजवळ नेमका बसतो. छोट्या रुळाचं नशीब चांगलं. ७६२ चा ८७ वा भाग ८.७६ येतो, आणि ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात मिळतात. पाव मिलिमीटरची चूक मी स्वतःला माफ करतो.

मापं मिळवणं हे खरं संशोधन. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे टेप घेऊन गेलो की डब्यावर हात ठेवता येतो, रिव्हेट मोजता येतात. एका बाजूला किती रिव्हेट, हा प्रश्न बाहेरच्याला वेडेपणा वाटेल. पण रिव्हेटची ओळ आत कुठे तुळई आहे ते सांगते, आणि तुळई सांगते की डबा कशाचं वजन सोसायला केला होता. छायाचित्रांत अडचण अशी की फोटो काढणारा नेहमी इंजिनाचा काढतो. वाघीण मागे, अर्धी, धुरात असते. माझ्याकडची उत्तम छायाचित्रं लग्नाच्या वऱ्हाडाची आहेत. मंडळी फलाटावर उभी, आणि मागे नकळत आलेला एक बंद डबा, दारासकट.

जुन्या वाघिणीच्या टोकाला निर्वात ब्रेकचा जाड नळ उभा दिसतो. मोठ्या रुळावरच्या चारचाकी डब्याला दोन बाजूंना दोन बफर आणि मध्ये आवळायचा स्क्रू. छोट्या रुळावर मधोमध एकच बफर. हे तपशील चुकले की जाणकाराच्या दृष्टीने मुलूखच बदलतो.

यार्डातल्या आजच्या वाघिणी वाचायला सोप्या आहेत. प्रत्येकीवर अकरा आकडे. पहिले दोन प्रकाराचे (१० ते २९ म्हणजे उघडी, ३० ते ३९ म्हणजे बंद), पुढचे दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार तिचे स्वतःचे, आणि शेवटचा पडताळ्याचा. उदाहरण म्हणून १०१४०८३१२७ हे दहा आकडे घ्या: उघडी वाघीण, दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, साल २००८. सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज २०, तिची तिप्पट ६०; विषम जागांची बेरीज ७; एकूण ६७. पुढच्या पूर्ण दशकाला, सत्तरला, तीन कमी. म्हणून अकरावा आकडा ३. रंग उडून एखादा आकडा पुसला गेला असेल तर उलट हिशेब करून तो परत मिळवता येतो. धुळीने भरलेल्या वाघिणीसमोर वहीत हा हिशेब सुटला, की मागकाढ्याला ओल्या मातीत पूर्ण पंजा सापडल्यावर होत असेल तसा आनंद होतो.

कोळशाची आजची वाघीण म्हणजे ‘बॉक्स-एन’. मूळ आराखड्यात १०.७१३ मीटर लांब, ५८.८१ टन माल. तिच्या आधीची ‘बॉक्स’ १३.७ मीटर लांब होती आणि माल थोडा कमीच न्यायची. लांबी घटवून वजन का वाढवलं, याचं उत्तर स्थानकातल्या बाजूच्या रुळात आहे. तिथे गाडी मावायची लांबी ठरलेली असते. तेवढ्याच जागेत जास्त कोळसा बसवायचा तर डबा आखूड, उंच आणि रुंद करावा लागतो. शिवाय निर्वाताच्या जागी दाबाच्या हवेचा ब्रेक आला, म्हणून लांब आणि जड गाडी आवरता येऊ लागली. अशा ५८ वाघिणींत सुमारे ३,४०० टन कोळसा मावतो. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या वीज केंद्राशेजारी राहणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून रोज कळतो. माझ्या टेबलावर हीच गाडी सात मीटरहून लांब होईल. घरात तेवढी सरळ भिंत नाही. मी अकरा डबे करून थांबलो. भरलेला कोळसा खरा, बल्लारपूरचाच, खलबत्त्यात कुटून चाळणीने गाळलेला. नुसता काळा रंग दिला तर ती चमक येत नाही.

वडशाला मालधक्क्यावर ऐन उमेदीत हमाली केलेले एक बाबाजी आहेत. मी केलेला छोट्या रुळाचा उघडा डबा त्यांना दाखवायला नेला. बांबूसाठी झाडूच्या काड्या एका मापात कापून, रंगवून रचल्या होत्या. भिंतीच्या वर चांगली दोन बोटं. त्यांनी डबा तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “एवढा भरला तं गाडी जाईन कशी?” वरच्या थरावर बोट ठेवून त्यांनी तो बाजूला सारल्यासारखं केलं. बांबू किती उंच रचायचा याला हद्द असते, त्यापलीकडे गार्ड गाडी नेत नाही, हे त्यांना पाठीच्या कण्यात माहीत होतं. माझ्या वहीत ते नव्हतं. दार चिकटवून टाकलेलं पाहून ते थोडे खट्टू झाले. दार उघडत नसेल तर माल काढायचा कुठून?

घरी येऊन वरचे दोन थर काढले. दाराला बिजागरी बसवली. तीन संध्याकाळी गेल्या. मग अक्षरांचा प्रश्न उरला. बाबाजी धक्क्यावर होते ते साठचं दशक, म्हणजे दक्षिण पूर्व रेल्वे. ती १९५५ मध्ये झाली. त्याआधी तीन वर्षं हे रूळ पूर्व रेल्वेत होते, त्याआधी बंगाल नागपूर रेल्वेत. पण डबा त्याहून जुना. तेव्हा मी त्यावर आधी पांढऱ्यात ‘बी. एन.’ काढलं, वाळू दिलं, वरून तपकिरी रंगाचा पातळ हात फिरवला, आणि त्यावर ‘द. पू.’ लिहिलं. खिडकीतून तिरपा उजेड आला की खालची अक्षरं अजून दिसतात.