म्हाताऱ्या युद्धनौकेची डागडुजी

आपल्या नंदुरबारला समुद्र नाही. पण डेपोत इंजिन उघडून ठेवलेली एस.टी. पाहिलीत ना? फ्रिगेट नावाच्या युद्धनौकेचंही तसंच. तिला सुक्या गोदीत घेतात, दरवाजा लावून पाणी उपसतात. मग तळाला चिकटलेले शिंपल्यांसारखे जीव खरवडायचे, गंजके पत्रे बदलायचे, जुन्या रडारच्या जागी नवं बसवायचं. सांगाडा तोच, डोळे-कान नवे!

काम मात्र जोखमीचं. वेल्डिंगच्या ठिणग्या, रंग, तेल, वायरी सगळं जवळजवळ. २००० साली नौदलात आलेली ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीला होती. २१ जुलै २०२४ला तिला आग लागली. दुसऱ्या दिवशी आग आटोक्यात आली, पण नौका एका कुशीवर कलंडली. एका नौसैनिकाचा त्यात जीव गेला.